ओळखीचे हात, अनोळखी टाके

गेल्या डिसेंबरात, सकाळची गर्दी ओसरत असताना, पंचाहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका सुनेबरोबर माझ्या गंगापूर रोडवरील दवाखान्यात आल्या. माझ्या मुलाला त्यांनी शाळेत शिकवले आहे, म्हणून मीही त्यांना ‘बाई’च म्हणते. तक्रार उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याची होती. सुनेच्या चेहऱ्यावर मात्र निराळी काळजी दिसत होती आणि त्या काळजीचा पुरावा तिने कापडी पिशवीत घालून आणला होता. पिशवीतून एक अर्धवट विणलेली टोपी निघाली. पुन्हापुन्हा उसवल्यामुळे तिची फिकट निळी लोकर केसाळ झाली होती.

“डॉक्टर, विणकाम म्हणजे आईंच्या हातचा मळ. टीव्ही पाहता पाहता स्वेटर पुरा करायच्या. आता दहा ओळींत चार चुका होतात. विसरायला तर लागल्या नाहीत ना?” सून म्हणाली. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीची अखेरची सहा वर्षे स्मृतिभ्रंशात गेली, हे मला ठाऊक होते. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “सुया आता माळ्यावर टाकून द्यायच्या ठरवल्या आहेत.”

पिशवीत सुयांची आणखी एक जोडी होती. मी बाईंना वीस टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी साधी पट्टी विणायला सांगितली आणि गप्पा सुरू केल्या. नातीचे शिक्षण, यंदाची थंडी, पाणी येण्याची बदललेली वेळ. बाई उत्तरे देत होत्या, मध्येच मलाच प्रश्न विचारत होत्या, सुयांकडे पाहतही नव्हत्या. आठ ओळी बिनचूक उतरल्या. मग त्यांनी ती निळी टोपी हाती घेतली. संभाषण थांबले, कपाळावर आठ्या आल्या, ओठ मोजणी पुटपुटू लागले आणि वेणीच्या तिसऱ्या टाक्याला त्या अडखळल्या.

परदेशी शिकणाऱ्या नातीने आजीला मोबाइलवर एका टोपीचे छायाचित्र पाठवले होते. शिवण कुठेही नसलेली, गोल विणलेली, समोर जाड वेणी असलेली ती टोपी होती. बाईंनी जन्मभर दोन सुयांवर सपाट विणले, कडा सुईदोऱ्याने जोडल्या. गोल विणकाम आणि वेणी, दोन्ही त्यांना नवे होते. सुनेला मी एवढेच म्हटले, “या विसरत नाहीयेत, शिकताहेत.”

वाचकहो, बाईंची पहिली टोपी कोणती होती, हे सांगण्याजोगे आहे. १९६२च्या शरद ऋतूत चीनशी युद्ध झाले, तेव्हा आपले अनेक जवान हिमालयाच्या थंडीला पुरेशा लोकरी कपड्यांविना सामोरे गेले. देशभरातल्या गृहिणींनी आणि शाळकरी मुलींनी सुया हाती घेतल्या. स्वेटर, मोजे, मफलर, कानटोप्या विणून पाठवल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. बाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. आईच्या शेजारी बसून त्यांनी डोळे, नाक तेवढे उघडे ठेवणारी माकडटोपी विणली. इंग्रजीत तिला बालाक्लाव्हा म्हणतात. ते क्रिमियातल्या एका बंदराचे नाव. तिथे १८५४ मध्ये लढाई झाली आणि थंडीने गारठलेल्या इंग्रज सैनिकांना घरून अशाच लोकरी टोप्या पाठवल्या गेल्या. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्यापैकी कित्येकींचे विणकाम असेच एखाद्या निकडीतून सुरू झाले असेल. मात्र बाईंनी पुढची साठ वर्षे जवळजवळ तीच वीण विणली.

इथे थोडे मेंदूविषयी. सायकल चालवणे, पोळी लाटणे, सुलट-उलट विणणे अशी वर्षानुवर्षांच्या सरावाची कौशल्ये मेंदूच्या खोल भागात आणि लहान मेंदूत मुरलेली असतात. त्यांना फारसे लक्ष द्यावे लागत नाही. म्हणूनच विणता विणता गप्पा होतात, जपही होतो. नवी वीण शिकताना मात्र मेंदूच्या पुढच्या भागाला राबावे लागते. तीन टाके बाजूला काढलेले लक्षात ठेवायचे, पुढचे तीन विणायचे, कितवी ओळ चालली आहे ते विसरायचे नाही आणि जुन्या सवयीने उलट टाक्याकडे वळणाऱ्या बोटांना आवरायचे. वाढत्या वयात हेच काम सर्वप्रथम मंदावते. त्यामुळे पंचाहत्तरीत नव्या विणीच्या चुका अधिक होणार, वेळ दुप्पट लागणार, आणि त्यात आजार काही नाही.

मग शिकण्याचा खटाटोप कशासाठी? अमेरिकेत डॅलस येथे डेनिस पार्क यांच्या गटाने ६० ते ९० वर्षांच्या दोनशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रजईकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही नव्याने शिकवले. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. तुलनेसाठी एका गटाने तेवढाच वेळ गप्पा, खेळ आणि सहलींत घालवला, तर दुसऱ्याने घरी शब्दकोडी, संगीत अशा सोप्या गोष्टींत. नवे आणि अवघड काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. प्रामाणिकपणे सांगायचे तर तो फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांत सर्वाधिक स्पष्ट होता आणि या अभ्यासात लोकरीचे विणकाम नव्हते. मेयो क्लिनिकच्या २०११च्या पाहणीत ७० ते ८९ वयोगटातील विणकाम, शिवणकाम यांसारखी हस्तकला करणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी आढळले. पण ज्यांची स्मृती शाबूत तेच विणत राहिले, असेही असू शकते. म्हणून ‘टोपी विणा, स्मृतिभ्रंश टाळा’ असे मी लिहिणार नाही. तसे कोणी लिहिले तर विश्वास ठेवू नका. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, एकटेपणा यांच्याकडे दुर्लक्ष करून कोणतीही वीण मेंदूला वाचवणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, हात सुयांना सरावलेले असतील तर अवघड टाका हा मेंदूला काम देण्याचा स्वस्त, घरबसल्या आणि आनंदाचा मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष टोपीकडे वळू. बाईंच्या नादाने मीही संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर सुया घेतल्या, त्यामुळे पुढचे थोडेसे स्वानुभवाचे आहे.

थेट मोठी टोपी घेऊ नये. पहिली टोपी नवजात बाळाच्या मापाची करावी. चार संध्याकाळी संपते आणि उसवावी लागली तरी जिवावर येत नाही. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो. मध्यम जाडीची लोकर आणि आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटीमीटरमध्ये अंदाजे २० टाके बसतात. पण प्रत्येकीचा हात निराळा, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. म्हणून आधी हातभर नको, वीतभर तुकडा विणून टाके मोजावेत. हा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. मलाही आला आणि माझी पहिली टोपी एका मोठ्या नारळाला बरोबर बसली. वरील हिशेबाने ६४ टाके घातले की ३२ सेंटीमीटरचा घेर मिळतो आणि वीण ताणली जात असल्याने तो पुरतो. मोठ्या माणसासाठी १०४ टाके घ्यावेत. दोन्ही आकड्यांना चाराने भाग जातो, त्यामुळे दोन सुलट-दोन उलट असा काठ नीट जुळतो. आठानेही भाग जातो, त्याचा उपयोग शेंड्याला होतो.

गोल विणण्यासाठी दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या मोज्यांच्या सुयांचा संच किंवा वायरने जोडलेली गोल सुई लागते. हातात कंप असेल किंवा अंगठा दुखत असेल तर गोल सुई बरी. टोपीचे वजन मांडीवर विसावते आणि सुई हातून निसटून पलंगाखाली जात नाही. टोपीच्या घेरापेक्षा वायर आखूड हवी, नाहीतर टाके ताणले जातात. सर्व टाके घातल्यावर टोके जोडण्यापूर्वी काठ सर्वत्र खालच्या बाजूलाच आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. तो कुठे पिळला गेला असेल तर पिळ्यासकटच वर्तुळ जुळते आणि पाच-सहा फेरे झाल्याशिवाय ध्यानात येत नाही. त्याला उसवण्याखेरीज उपाय नाही. बाईंच्या तीन उसवणींपैकी पहिली याचीच होती.

दुसरी उसवण मला फार शिकवून गेली. सपाट विणताना आपण एक ओळ सुलट, मग काम उलटवून एक ओळ उलट विणतो, तेव्हा समोर गुळगुळीत वीण दिसते. गोल विणताना काम उलटवायचेच नसते, सुलट बाजू कायम आपल्याकडे राहते. म्हणून प्रत्येक फेरा सुलटच विणायचा. साठ वर्षांची सवय असलेल्या बोटांना हे पटत नाही. बाईंचे डोके ‘सुलट’ म्हणत होते आणि फेरा संपला की बोटे आपोआप उलट टाक्याला लागत होती. नवशिकीला ही अडचण येत नाही. मी तीन फेऱ्यांत रुळले आणि बाईंना माझा रागच आला.

वेणी दिसते त्याहून सोपी असते. मध्ये सहा सुलट टाके, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके, म्हणजे वेणी उठून दिसते. पाच फेरे तसेच विणावेत. सहाव्या फेऱ्यात सहांपैकी पहिले तीन टाके न विणता एका आखूड सुईवर काढून समोर धरावेत, पुढचे तीन सुलट विणावेत, मग आखूड सुईवरचे तीन विणून घ्यावेत. वेणी डावीकडे वळते. ती सुई मागे धरली तर उजवीकडे वळते. पुन्हा पाच फेरे साधे आणि सहाव्याला वळण. सगळीकडे वेण्या नकोत. वेणी वीण आत खेचते आणि टोपी घट्ट होते. पहिल्या खेपेस समोर एकच पुरे.

मोजणी चुकते ती याच ‘सहाव्या फेऱ्या’ला. बाईंच्या यजमानांची हयात यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात गेलेली. त्यांनी आलेख कागदावर फेरे आखून दिले आणि प्रत्येक फेऱ्याअखेर पेन्सिलीने फुली मारण्याचे काम स्वतःकडे घेतले. ऐकू कमी येत असल्यामुळे ते हल्ली एकटे बसून असत. फेरा संपला की बाई हाताने खूण करायच्या आणि ते फुली मारायचे. याला मी उपचार म्हणणार नाही. पण पुढच्या भेटीत त्यांनी आपणहून श्रवणयंत्राची चौकशी केली, ही नोंद माझ्या कागदावर आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक युक्ती. दर दहा फेऱ्यांनी, सगळे बरोबर आहे अशी खात्री झाली की, सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून तो सर्व टाक्यांतून काढून ठेवावा. पुढे घोटाळा झाला तर तेवढ्याच दोऱ्यापर्यंत उसवते, पुढे टाके सुटत नाहीत. ज्येष्ठांना चुकीपेक्षा सगळे वाया जाण्याची भीती अधिक असते. आणि कृपा करून सुया त्यांच्या हातून काढून घेऊन “आण, मी करून देते” असे म्हणू नका.

शेंड्याकडे येताना टाक्यांचे आठ भाग करून प्रत्येक भागाच्या शेवटचे दोन टाके एकत्र विणावेत, मध्ये एक फेरा साधा सोडावा. प्रत्येक घटीच्या फेऱ्यात आठ टाके कमी होतात. अखेरचे आठ टाके राहिले की लोकर तोडून त्यांतून ओवावी आणि आवळावी. घट सुरू झाल्यावर फेरा लहान होत जातो, मन अधीर होते आणि नेमक्या इथेच टाके सुटतात.

बाळाची टोपी कुणाला द्यायची असेल तर लोकर मऊ घ्या. गोंडा, मणी, बांधायच्या नाड्या नकोत. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, तिच्यात बाळाला टोपी आवर्जून घालतात, कारण इवल्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि उष्णता तिथून भरभर जाते. धडधाकट बाळाला मात्र उबदार घरात झोपवताना टोपी काढावी, अंग तापते. मोठ्यांच्या बाबतीत ‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ ही समजूत खरी नाही. डोके शरीराच्या जेवढा वाटा आहे तेवढीच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता घालवते. तरी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे फिरायला जाताना टोपी हवीच, आणि दमा किंवा हृदयविकार असेल तर ऊन पडल्यावरच निघावे.

आता हात आणि डोळे. बाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज होती. पाळी गेलेल्या स्त्रियांत ती फार आढळते. विणकाम बंद करण्याची गरज नसते. धातूच्या बारीक सुयांऐवजी बांबूच्या, थोड्या जाड सुया घ्याव्यात, वीस मिनिटांनी हात सोडून बोटे उघडमीट करावीत, आधी कोमट पाण्यात हात शेकावेत आणि दुखरा अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा वापरावा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत; या वयात त्या मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब तिघांनाही जड जातात. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटात मज्जातंतू दाबला जात असावा. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत हे वारंवार दिसते, त्याची तपासणी करून घ्यावी. शिकण्यासाठी काळी, गडद निळी लोकर टाळावी, त्यात टाका दिसत नाही. उजेड खांद्यावरून कामावर पडावा. मोतीबिंदू पिकला असेल तर दोष बोटांना देऊ नये. तासन्‌तास बसल्याने पाय सुजतात, म्हणून दर फुलीला नाही तरी दर दहा फुल्यांना उठून खोलीत एक फेरी मारावी.

सुनेच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो चुकीचा नव्हता, नेमका नव्हता. नवी वीण चुकणे हे लक्षण नाही. जन्मभराची वीण हरवणे हे लक्षण आहे. सुलट टाका कसा घालायचा हेच सुचेनासे होणे, आपण काय विणत आहोत ते तासाभराने न आठवणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, रोजच्या आमटीचा क्रम चुकणे, पैशांचा हिशेब न लागणे, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळणे, आणि हे काही महिन्यांत वाढत जाणे. असे दिसले तर लपवू नका, डॉक्टरांकडे या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे, काही औषधे यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय आहेत. बाईंच्या सुयांची साक्ष चांगली होती, तरी मी स्मृतीची चाचणी आणि रक्ततपासणी केलीच. स्मृती वयानुसार ठीक होती. बी-१२ कमी निघाले. त्या पूर्ण शाकाहारी आणि मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या, तेव्हा आश्चर्य नव्हते. ज्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झालेच आहे, त्यांना मात्र नव्या विणीची कसोटी लावू नका. त्यांना जुनी, सोपी पट्टी विणू द्या, तिला टोक नसले तरी चालेल. सुया सांभाळता येत नसतील तर लोकरीचा गुंडा गुंडाळायला द्या.

आणखी एक लक्षण, त्याला मात्र तासही थांबायचे नाही. विणता विणता एका हातातून सुई अचानक गळून पडली, तो हात उचलेना, तोंड वाकडे झाले किंवा शब्द जड झाले, तर मालिश करत बसू नका, पाणी पाजू नका. वेळ पाहून ठेवा आणि १०८ला फोन करून मेंदूविकाराची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते. त्यात आपली वाहतूक आणि तपासण्यांचा वेळही धरा.

बाईंची टोपी फेब्रुवारीच्या अखेरीस पुरी झाली, नाशिकची थंडी ओसरल्यावर. दाखवायला आणली तेव्हा तिसऱ्या वळणावर वेणी उलट दिशेला गेलेली दिसली. आखूड सुई समोर धरायची ती मागे गेली होती. मी निदर्शनास आणल्यावर बाई म्हणाल्या, “ठाऊक आहे. यजमानांनी कागदावर तिथे लाल फुली मारली आहे. पण आता मी उसवणार नाही.” टोपी कुरिअरने रवाना झाली. अंगठ्याला पट्टा होता आणि पिशवीत दोन रंगांच्या लोकरी होत्या. एकाच फेऱ्यात दोन रंग विणताना न वापरलेला धागा मागे किती सैल सोडायचा, हे त्यांना अजून जमलेले नाही. मलाही नाही.